दडलेला आकार आणि फिरणारा कागद : एम. सी. एशर यांची ओळख



शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते हे आपल्याला माहीतच आहे. त्यातले दोन प्रकारचे प्रश्न मुलांना हमखास अडवतात. एक म्हणजे गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली आकृती शोधणे. दुसरा म्हणजे दिलेली आकृती फिरवल्यावर कशी दिसेल ते ओळखणे. पाढे तोंडपाठ असलेली, गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही इथे गोंधळतात. कधी कधी मात्र अगदी उलटं घडतं. भागाकारात चुकणारा एखादा विद्यार्थी कागदाकडे क्षणभर बघतो आणि बरोबर पर्यायावर बोट ठेवतो. आपण म्हणतो, लागला अंदाज! आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते असेच विद्यार्थी होते. शाळेत नापास झालेले, गणिताची धास्ती घेतलेले. पण पुढे जगभरातले गणितज्ञ त्यांची चित्रं भिंतीवर लावू लागले. त्यांचे नाव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर. एम. सी. एशर या नावाने जग त्यांना ओळखते. लपलेला आकार आणि फिरणारा आकार, या दोनच गोष्टींचा त्यांनी जवळजवळ आयुष्यभर पाठपुरावा केला.

बालपण आणि शाळा

मॉरिट्सचा जन्म १७ जून १८९८ रोजी नेदरलँड्समधील लेऊवार्डन या गावी झाला. वडील जॉर्ज एशर हे स्थापत्य अभियंता होते. तरुणपणी त्यांनी काही वर्षे जपानमध्येही काम केले होते. आईचे नाव सारा. मॉरिट्स हा घरातला सर्वांत धाकटा मुलगा. घरात त्याला माऊक म्हणत. १९०३ मध्ये कुटुंब आर्नहेम या शहरात राहायला गेले आणि त्याचे शिक्षण तिथेच झाले.

मुलगा तब्येतीने नाजूक होता. सातव्या वर्षी त्याला एका विशेष शाळेत घालावे लागले. दुसरीतच तो नापास झाला. पुढेही गुण बेताचेच. चित्रकला मात्र चांगली होती. तेराव्या वर्षापर्यंत तो सुतारकाम आणि पियानो शिकत होता. हे सुतारकाम लक्षात ठेवा बरं का, कारण लाकडाशी झालेली ही दोस्ती त्याला जन्मभर पुरली. शिवाय तो डावखुरा होता.

माध्यमिक शाळेत व्हान डेर हागेन नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनी त्याला लिनोलियमवर कोरून ठसे छापायला शिकवले. बाकी विषयांत मात्र रडतखडतच चालले होते. शेवटच्या परीक्षेत तो नापास झाला आणि शाळेचे प्रमाणपत्र काही मिळाले नाही.

आपल्या वर्गातला असा मुलगा डोळ्यांसमोर आणा. प्रगतिपुस्तकात लाल रेघा, पण वहीच्या मागच्या पानावर सुंदर नक्षी. आपण त्याला काय सांगतो? आधी गणित कर, मग चित्रं काढ. मॉरिट्सच्या वडिलांनाही मुलाने पोटापाण्याचे काहीतरी शिकावे असेच वाटत होते. म्हणून त्याने वास्तुशास्त्र शिकायचे ठरले.

एका शिक्षकाची नजर

डेल्फ्टमध्ये थोडा काळ काढल्यावर १९१९ मध्ये एशर हार्लेम येथील वास्तुकला आणि सजावट कलेच्या विद्यालयात दाखल झाले. तिथे सॅम्युएल येसुरुन डी मेस्किटा हे ठसाचित्रण शिकवत. एशर यांनी आपली जुनी चित्रे त्यांना दाखवली. ती पाहून मेस्किटा यांनी ओळखले की या मुलाची जागा वास्तुशास्त्राच्या वर्गात नाही. त्यांनी तसे विद्यालयाला आणि घरच्यांना पटवून दिले. प्रवेश घेतल्यावर थोड्याच दिवसांत एशर यांचा अभ्यासक्रम बदलला.

मेस्किटांनी शिकवले ते लाकूड कोरून छापायचे तंत्र. यात गुळगुळीत लाकडी ठोकळ्यावर चित्र काढतात. जो भाग कोरा हवा तो कोरून काढतात. उरलेल्या उंच भागावर शाई लावून कागदावर दाब देतात. गंमत अशी की छापलेले चित्र नेहमी आरशातल्यासारखे उलटे येते. म्हणजे चित्रकाराला सतत डोक्यात आकृती उलटी करून पाहावी लागते. आणि प्रत्येक रेघेला दोन बाजूंनी विचार करावा लागतो, काय ठेवायचे आणि काय काढायचे. लपलेली आकृती ओळखायला जे डोळे लागतात, ते इथे हाताच्या कामातून तयार झाले.

विद्यार्थिदशेत, १९२२ मध्ये, एशर यांनी ‘आठ डोकी’ नावाचे चित्र केले. एकाच ठोकळ्यावर चार पुरुषांची आणि चार स्त्रियांची डोकी. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यातली चारच सरळ दिसतात. कागद अर्धा फिरवला, म्हणजे वरचे खाली केले, की उरलेली चार डोकी सरळ होतात. एकाची टोपी संपते तिथेच दुसऱ्याची हनुवटी सुरू होते, मध्ये रिकामी जागाच नाही. आणि हा ठोकळा शेजारी शेजारी छापत गेले की नक्षी कितीही लांब वाढवता येते.

पुढच्या आयुष्यातले सगळे प्रश्न या एका चित्रात बीजरूपाने होते. पण एशर यांना ते स्वतःलाही कळायला आणखी १४ वर्षे लागली.

अल्हाम्ब्राच्या भिंती

१९२२ मध्येच ते इटली आणि स्पेनच्या प्रवासाला निघाले. स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरात अल्हाम्ब्रा हा नासरी सुलतानांचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतींवर रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. तारे, पट्टे, वळणदार पाती, सगळे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले. मध्ये फट नाही, एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला नाही. अशा रचनेला आपण फरसबंदी म्हणू. एशर यांना ती फार आवडली आणि त्यांनी एक नमुना उतरवूनही घेतला.

पण नंतर ते इटलीत रमले. तिथे त्यांची येट्टा उमिकर यांच्याशी ओळख झाली, १९२४ मध्ये लग्न झाले आणि रोममध्ये संसार सुरू झाला. डोंगरउतारावरची गावे, किनारे, घाटरस्ते यांची चित्रे ते करत राहिले. फरसबंदीचे मधले एक-दोन प्रयत्न फारसे जमले नाहीत.

मग इटलीत मुसोलिनीच्या राजवटीचे वातावरण असह्य झाले. नऊ वर्षांच्या थोरल्या मुलाला, जॉर्जला, शाळेत फॅसिस्ट बालसंघटनेचा गणवेश घालणे भाग पडले. १९३५ मध्ये एशर कुटुंबाने इटली सोडली आणि ते स्वित्झर्लंडला गेले. तिथल्या बर्फाळ निसर्गात त्यांचे मन लागेना. चित्र काढावे असे बाहेर काही दिसेना.

१९३६ मध्ये त्यांनी एका जहाज कंपनीला पत्र पाठवून एक वेगळाच प्रस्ताव मांडला. मला आणि पत्नीला भूमध्य समुद्रातून न्या, मी तुम्हाला प्रवासाच्या भाड्याऐवजी त्याच प्रवासाची चित्रे देईन, असा तो प्रस्ताव होता. कंपनीने तो मान्य केला! या प्रवासात दोघे पुन्हा अल्हाम्ब्राला पोहोचले. या वेळी नुसते पाहणे नव्हते. पती-पत्नी दोघेही वही-पेन्सिल घेऊन भिंतींसमोर बसले आणि दिवसच्या दिवस एकेक नमुना बारकाईने उतरवत राहिले. कॉर्दोबाच्या भव्य मशिदीतही त्यांनी तसेच केले.

इथे आपल्यासाठी पहिला धडा आहे. एशर यांनी सममिती पुस्तकातून शिकली नाही. आधी हाताने उतरवून घेतली. रेघ उतरवताना कळते की हाच तुकडा तिकडे पुन्हा आला आहे, फक्त वळून आला आहे.

अल्हाम्ब्राच्या फरशांच्या नक्षीत भूमितीचे आकार आहेत, पण पक्षी, मासे, माणसे नाहीत. एशर यांना नेमकी तीच ओढ लागली. तुकडे असेच घट्ट बसावेत, पण प्रत्येक तुकडा ओळखू यावा. सरडा असावा, हंस असावा, घोडेस्वार असावा. रिकाम्या वाटणाऱ्या जागेतूनही कुणीतरी डोकावावे.

भावाने दिलेला धागा

१९३७ मध्ये कुटुंब ब्रुसेल्सजवळ राहायला आले. त्याच वर्षी एशर यांनी आपली नवी चित्रे सावत्र भाऊ बेरेंड यांना दाखवली. बेरेंड लायडन विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक होते. स्फटिकांचा त्यांचा अभ्यास होता. चित्रे पाहताच त्यांच्या लक्षात आले की स्फटिकशास्त्रात ज्याचा अभ्यास चालतो तेच धाकट्या भावाने रेघांत पकडले आहे. त्यांनी त्या विषयावरच्या शोधनिबंधांची यादी दिली.

एशर ते निबंध घेऊन बसले. बहुतेक मजकूर डोक्यावरून गेला. पण त्यातल्या एका निबंधात खजिना सापडला. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या त्या लेखात १७ छोटी चित्रे होती. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने फक्त १७ प्रकार होऊ शकतात, आणि प्रत्येकाचा एकेक नमुना तिथे होता. एशर यांनी ती सगळी चित्रे आपल्या वहीत उतरवली आणि कोणता तुकडा कसा फिरतो, कसा सरकतो, कुठे आरशासारखा उलटतो याचा स्वतः शोध सुरू केला.

१९४१-४२ च्या सुमारास त्यांनी वह्यांमध्ये स्वतःची एक पद्धत लिहून काढली. त्यात समीकरणे नव्हती. चौकोन, त्रिकोण, बाण, खुणा आणि रंग एवढेच होते. दोन शेजारी तुकडे एकाच रंगाचे नसावेत तर किती रंग लागतील, हाही त्यात विचार होता. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी आता स्वतःचे भूमितीचे पुस्तक स्वतःच लिहीत होता.

फिरण्याची सममिती म्हणजे काय?

एशर यांची चित्रे समजायला एवढी एक गोष्ट मुलांना नीट समजावून द्या. कागदाचे चार पात्यांचे भिरभिरे घ्या. मधोमध टाचणी आहे. ते पाव फेरी, म्हणजे ९० अंश फिरवले तर आधीसारखेच दिसते. पूर्ण फेरीत असे चार वेळा होते. म्हणजे त्याची घूर्णन सममिती चारची. पत्त्यांतला राजा घ्या. अर्धी फेरी फिरवला की पुन्हा तसाच दिसतो. त्याची दोनची.

पण भिरभिऱ्याच्या मधोमध आरसा उभा धरला तर? प्रतिमा जुळत नाही, कारण पाती एकाच दिशेला वळलेली आहेत. म्हणजे फिरवणे वेगळे आणि आरशातून उलटवणे वेगळे. परीक्षेत मुलं बहुतेक वेळा इथेच फसतात, कारण चार पर्यायांत एक तरी आरशातली प्रतिमा मुद्दाम घातलेली असते.

आता एशर यांचे १९३९ चे सरड्यांचे रेखाटन पाहा. सगळे सरडे एकाच आकाराचे, फक्त तीन रंगांचे. एका बिंदूभोवती तीन सरडे जमलेले, एकेक १२० अंश वळून बसलेला. असे तीन वेगवेगळ्या प्रकारचे बिंदू त्या चित्रात आहेत. कोणताही बिंदू पकडा, त्याभोवती चित्र १२० अंश फिरवा, रंग सोडले तर सगळे जिथल्या तिथे. १९४३ मध्ये त्यांनी याच रेखाटनावरून ‘सरपटणारे प्राणी’ हे प्रसिद्ध शिळाछाप चित्र केले. त्यात टेबलावरच्या वहीतल्या सपाट नक्षीतून एक सरडा जिवंत होऊन बाहेर येतो, पुस्तकावरून चढतो, वस्तूंवरून फिरतो आणि पुन्हा वहीत शिरून सपाट होतो.

या सरड्याच्या पोटात काय लपले आहे माहीत आहे? साधा षटकोन! षटकोनाच्या बाजू वाकवून त्यांनी सरडा केला. एका बाजूला जेवढे आत कोरले तेवढेच शेजारच्या बाजूला फिरवून बाहेर काढले. म्हणून क्षेत्रफळ बदलले नाही आणि फटही पडली नाही. लपलेल्या आकृतीचे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण.

लपलेली आकृती का दिसत नाही?

१९३८ च्या ‘दिवस आणि रात्र’ या चित्रात पांढरे पक्षी एका बाजूला उडतात आणि काळे दुसऱ्या बाजूला. पांढऱ्या पक्ष्यांच्या मधली जागा म्हणजेच काळे पक्षी. आणि खाली पाहिले तर दोन्ही पक्षी हळूहळू शेताच्या चौकोनी तुकड्यांत विरघळतात.

हे चित्र मुलांना दाखवा आणि विचारा, काळे आणि पांढरे पक्षी एकाच क्षणी सारख्याच ठळकपणे दिसतात का? नाही दिसत. पांढऱ्याकडे लक्ष दिले की काळा मागची जागा होतो, काळ्याकडे दिले की पांढरा. मधली रेघ मात्र एकच. ती दोघांच्याही मालकीची आहे. आपला डोळा मात्र एका वेळी एकालाच ती देऊ करतो. एशर यांना हे पक्के माहीत होते आणि त्यांनी त्याचाच खेळ केला.

म्हणजे लपलेली आकृती न दिसणारा मुलगा काही मंद नसतो. त्याच्या डोळ्यांनी ती रेघ आधीच दुसऱ्या आकाराला देऊन टाकलेली असते. त्याला फक्त ती परत घ्यायला शिकवायचे आहे.

युद्ध आणि गुरूचे घर

१९४१ मध्ये एशर नेदरलँड्समधील बार्न या गावी स्थायिक झाले. देश तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. कलाकारांना नाझींच्या सांस्कृतिक संघटनेत नाव नोंदवावे लागे. एशर यांनी ते केले नाही, त्यामुळे प्रदर्शनांचे दरवाजे बंद झाले. घरात बसून ते फरसबंदीची रेखाटने करत राहिले.

त्यांचे गुरू मेस्किटा ज्यू होते. पंचाहत्तरी गाठलेले, थकलेले. एशर अधूनमधून त्यांना भेटायला जात. १९४४ च्या जानेवारीअखेर मेस्किटा, त्यांची पत्नी आणि मुलगा यांना घरातून पकडून नेण्यात आले. फेब्रुवारीत पती-पत्नी दोघांची आउशवित्झ येथे हत्या झाली. मुलगाही पुढे छळछावणीत मरण पावला.

त्यानंतर एशर त्या घरी पोहोचले तेव्हा दार उघडे होते आणि गुरूंची चित्रे जमिनीवर विखुरली होती. हाताला लागली तेवढी त्यांनी गोळा करून सुरक्षित ठिकाणी नेली. त्यांत एका चित्रावर सैनिकाच्या बुटाचा ठसा उमटला होता. ते चित्र त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवले. १९४६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात मेस्किटांच्या कामाचे प्रदर्शन भरले, त्यासाठीही एशर यांनी धडपड केली.

ज्या शिक्षकाने एका नापास मुलाला त्याची जागा दाखवली, त्याचे काम मातीत जाऊ नये म्हणून त्या मुलाने ते उचलून आणले. आपल्या पेशातल्या माणसाला यावर वेगळे काही सांगायला नको.

गणितज्ञांची भेट

१९५४ मध्ये अॅमस्टरडॅम येथे गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानिमित्ताने स्टेडेलिक संग्रहालयात एशर यांची चित्रे मांडली गेली. जगभरातून आलेल्या गणितज्ञांनी ती पाहिली आणि अनेकजण थक्क झाले. जे आपण चिन्हांत लिहितो ते या माणसाने मासे आणि पक्षी यांच्यात लिहिले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. कॅनडात शिकवणारे भूमितितज्ज्ञ कॉक्सेटर आणि तेव्हा तरुण असलेले रॉजर पेनरोज यांची एशर यांच्याशी पुढे चांगली ओळख झाली.

कॉक्सेटर यांनी १९५८ मध्ये आपला एक लेख एशर यांना पाठवला. त्यात एक वर्तुळ होते आणि त्यात त्रिकोण कडेकडे लहान लहान होत गेलेले होते. लेखाचा मजकूर एशर यांना उमगला नाही. पण त्या आकृतीकडे ते कंपास आणि पट्टी घेऊन बसले, आणि ती कशी काढली असेल हे त्यांनी शोधून काढले. त्यातून ‘वर्तुळ मर्यादा’ ही चित्रमाला आली. १९५९ च्या तिसऱ्या चित्रात रंगीत मासे पांढऱ्या कमानींवरून पोहत जातात. काही ठिकाणी तीन तीन जमतात, काही ठिकाणी चार चार, आणि कडेला जाताना लहान होत नाहीसे होतात. एशर गेल्यानंतर, १९७९ मध्ये, कॉक्सेटर यांनी त्या पांढऱ्या कमानींचे गणित मांडून दाखवले. त्या परिघाला सुमारे ८० अंशांच्या कोनात भेटायला हव्यात असे उत्तर आले. एशर यांनी निव्वळ नजरेने आणि हाताने त्या अगदी तशाच काढल्या होत्या.

१९६५ मध्ये डच स्फटिकशास्त्रज्ञ कॅरोलिन मॅकगिलाव्ही यांनी एशर यांच्या फरसबंदीवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने ते काढले. स्फटिकांची सममिती शिकणारी मुलं आता एशर यांचे सरडे आणि मासे पाहून शिकू लागली. शाळेत नापास झालेला मुलगा पाठ्यपुस्तकात जाऊन बसला!

एक कोडे आणि शेवटची नक्षी

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर पेनरोज यांनी एशर यांना लाकडी तुकड्यांचे एक कोडे दिले. सगळे तुकडे एकसारखे. ते फट न ठेवता जोडायचे. ऐकायला सोपे वाटते, पण त्यात एक गोम होती. एशर यांच्या आतापर्यंतच्या एकाच आकाराच्या नक्ष्यांत प्रत्येक तुकडा शेजाऱ्यांनी सारख्याच पद्धतीने वेढलेला असे. या कोड्यात तसे जमत नव्हते. तुकडा एकच, पण त्याच्या शेजाराचे प्रकार दोन. एशर यांनी तुकडे फिरवत फिरवत ते सोडवले. पण सुटले म्हणून ते थांबले नाहीत. यामागचे तत्त्व काय, हे त्यांनी पेनरोज यांच्याकडून समजून घेतले.

१९६९ मध्ये त्यांनी शेवटचे मोठे लाकूडकोरीव चित्र केले, ‘साप’. तब्येत साथ देत नव्हती, शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पण हात स्थिर होता. कड्यांच्या जाळीत गुंतलेले तीन साप. हे चित्र छापण्याची पद्धतच पाहा. पूर्ण वर्तुळाचे ठोकळे त्यांनी कोरलेच नाहीत. चित्राच्या एक तृतीयांश भागाचे, तीन रंगांसाठी तीन ठोकळे कोरले. प्रत्येक ठोकळा १२० अंश फिरवत तीनदा छापला. सममिती कळली की काम कसे कमी होते, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

१९७० मध्ये ते लारेन येथील वृद्ध कलाकारांच्या निवासात राहायला गेले. तिथे १९७१ मध्ये त्यांनी फरसबंदीचे आपले १३७ वे आणि शेवटचे रेखाटन केले. छोटी छोटी भुते एकमेकांत अडकलेली. त्या भुतांच्या आत लपलेला आकार होता पेनरोज यांच्या त्याच लाकडी कोड्यातला. २७ मार्च १९७२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे आज हेग शहरातल्या एका जुन्या राजवाड्यात कायमची मांडलेली आहेत.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

एशर यांचे चरित्र सांगून झाले की लगेच सरावपत्रिका काढू नका. आधी पुढच्या गोष्टी करून बघा.

१. जाड कागदाचा चौरस घ्या. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना खूण करा. खुणेच्या कोपऱ्याला मिळणाऱ्या एका बाजूवर वेडीवाकडी रेघ काढा. तीच रेघ त्या कोपऱ्याभोवती ९० अंश फिरवून शेजारच्या बाजूवर उतरवा. समोरच्या कोपऱ्यालाही असेच करा, तिथली रेघ वेगळी असली तरी चालेल. मिळालेला आकार कापा आणि तोच ठेवून मोठ्या कागदावर गिरवत जा. खुणेच्या कोपऱ्याभोवती चार चार तुकडे जमतील आणि फट राहणार नाही. मग मुलांना विचारा, यात तुला कोणता प्राणी दिसतो? डोळा काढा, पाय काढा.

२. लपलेली आकृती शोधताना आकाराऐवजी रेघ शोधायला सांगा. दिलेल्या छोट्या आकृतीतला सगळ्यात वेगळा कोन निवडायचा. मोठ्या चित्रात फक्त तो कोन शोधायचा आणि तिथून बोटाने रेघ धरून पुढे जायचे. मध्ये दुसरी रेघ आडवी आली तर तिकडे वळायचे नाही.

३. फिरवलेली आकृती ओळखताना तिच्यातल्या तीन खुणा निवडा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने त्यांचा क्रम म्हणा, उदाहरणार्थ ठिपका, रेघ, गोल. आकृती कितीही फिरवली तरी हा क्रम बदलत नाही. क्रम उलटा झाला असेल तर ती आरशातली प्रतिमा आहे, तो पर्याय बाद करा.

४. सुरुवातीला कागद फिरवू द्या. पारदर्शक कागदावर आकृती गिरवून ती फिरवू द्या, उलटी करून पाहू द्या. कागद फिरवायचा नाही अशी शिस्त लगेच लावू नका. हाताने पुरेसे फिरवून झाले की डोक्यात आपोआप फिरू लागते. एशर यांनाही अल्हाम्ब्राच्या भिंतीसमोर बसून हातानेच सुरुवात करावी लागली होती.

५. नियमित पंचकोनांची फरसबंदी करायला द्या आणि जमत नाही हे मुलांना स्वतः शोधू द्या. पंचकोनाचा आतला कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूपाशी ठेवले तर ३२४ अंश होतात, फट राहते. चार ठेवले तर ४३२ होतात, एकमेकांवर चढतात. न जमण्याचे कारण सापडणे हेही उत्तरच असते.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. एशर यांना शाळेत कमी गुण मिळाले म्हणून गुणांना किंमत नाही, असा अर्थ कृपया काढू नका. त्यांनीही पुढे जन्मभर अभ्यासच केला. चिकाटीने वह्या भरल्या, न समजणारे निबंध पुन्हा पुन्हा वाचले, कोडे सुटल्यावरही ते का सुटले हे विचारले. फक्त त्यांचा अभ्यास डोळ्यांतून आणि बोटांतून होत होता, आणि तो अभ्यास आहे हे वेळेवर ओळखणारा एक शिक्षक त्यांना भेटला.

म्हणून पुढच्या वेळी गणितात मागे असलेल्या मुलाने आकृतीच्या प्रश्नावर झटकन बरोबर बोट ठेवले, तर त्याला अंदाज म्हणून सोडू नका. त्याला जवळ बोलवा आणि विचारा, तुला हे कसं दिसलं रे? त्याला कदाचित शब्द सापडणार नाहीत. मग त्याच्या हातात कागद आणि कात्री द्या, आणि करून दाखवायला सांगा.